माळ्यावर कोण घोरतंय?

प्रश्न असा आला आहे: सातारा जिल्ह्यात गावाकडे आमचा जुना वाडा आहे. महिनाभर झाला, पोटमाळ्यावरून रात्री माणूस घोरल्यासारखा आवाज येतो. गड्याने शिडी लावून पाहिलं तर पांढऱ्या तोंडाची दोन मोठी घुबडं आणि चार पिल्लं. आई म्हणते, घरात घुबड म्हणजे घराचं वाटोळं, आजच्या आज काढा. भाऊ म्हणतो, असू देत, उंदीर तरी खातील. घुबडं दिवसा आंधळी असतात म्हणतात, मग काळोखात शिकार कशी करतात? आणि आम्ही नेमकं काय करावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. आज काहीही करू नका. शिडी उतरवून ठेवा, गड्याला पुन्हा वर पाठवू नका, विजेरी मारून बघायला शेजारच्या पोरांना बोलावू नका. पिल्लं असलेलं घरटं हलवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पण मला त्याहून जास्त काळजी वेगळीच आहे. घाबरलेली अर्धवट पिल्लं माळ्याच्या कडेवरून खाली उड्या टाकतात आणि मग मांजराच्या तोंडी लागतात. पंचवीसएक वर्षं मी घुबडांच्या मागे फिरतोय. माझ्याकडे आणून दिलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक अशीच कुणीतरी 'नुसतं बघायला' गेल्यामुळे खाली पडलेली होती.

तुमच्या वर्णनावरून ते गव्हाणी घुबड आहे, यात मला शंका नाही. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, पाठीवर सोनेरी-राखाडी बारीक नक्षी, पोट पांढरट, डोळे काळेभोर. आपल्याकडच्या बाकी बहुतेक घुबडांचे डोळे पिवळे किंवा नारिंगी असतात. गव्हाणी हे नाव गोठ्यातल्या गव्हाणीवरून आलं. काही भागात यालाच कोठीचं घुबड म्हणतात. दोन्ही नावं ठेवणाऱ्यांनी पक्षी नीट पाहिला होता. गव्हाणीत वैरण, कोठीत धान्य, धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे हे. माणसाने शेती करून धान्य साठवायला सुरुवात केल्यापासून याचा आपला शेजार आहे. तुमच्या वाड्यात ते आज आलंय असं समजू नका. तुमच्या आजोबांच्या काळातही एखादं असणारच. फक्त तेव्हा माळ्यावर कुणी चढत नव्हतं.

घोरणारी आहेत ती पिल्लं. भूक लागली की ती खर्रर्र, खर्रर्र असा लांबट आवाज काढतात. आई-बाप भक्ष्य घेऊन येईपर्यंत तो चालूच राहतो. मोठ्या पक्ष्याचा आवाज वेगळा असतो, कापड टरकावल्यासारखी एक किंकाळी, उडता उडता मारलेली. 'त्या वाड्यात काहीतरी आहे' अशा गावोगावच्या गोष्टींतल्या निम्म्या तरी या किंकाळीने आणि त्या घोरण्याने जन्माला घातल्या असाव्यात. पडका वाडा, रात्रीचे दोन, अंधारातून पांढरं काहीतरी आवाज न करता डोक्यावरून जातं आणि मागाहून किंकाळी येते. घाबरणाऱ्याला मी हसत नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्याही हातातली विजेरी पडली होती.

गड्याला एक विचारा: चारही पिल्लं सारख्या आकाराची होती का? नसणार. कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर खुडूक बसते. गव्हाणी घुबडाची मादी मात्र पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला बसते आणि पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालत राहते. साधारण महिनाभराने ती त्याच क्रमाने फुटतात. त्यामुळे एकाच घरट्यात एक पिल्लू पिसं फुटत आलेलं, तर शेवटचं अजून कापसाच्या बोळ्याएवढं. उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात. टंचाई असली तर आवाज करणारं मोठं पिल्लू आधी खातं, धाकटं उपाशी मरतं आणि कधी कधी भावंडांच्याच पोटात जातं. ऐकायला क्रूर वाटतं, पण वर्ष कसं जाणार हे अंडी घालताना कुणालाच माहीत नसतं. म्हणून निसर्गाने आधी जास्त मांडून ठेवायचं आणि मग परिस्थितीने कमी करायचं, असा हा हिशेब आहे. याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. पोट भरलेलं मोठं पिल्लू आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्याला देतं. माणसाच्या घरात दोन्ही प्रकारची भावंडं असतात, तशीच घुबडाच्याही घरात.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. काळोखात शिकार कशी?

लोकांना वाटतं, डोळ्यांनी. एवढे मोठे डोळे दिसतात म्हटल्यावर तसं वाटणारच. डोळे आहेतच जबरदस्त, पण गव्हाणी घुबड मुळात कानावर जगतं. त्याचं ते बदामी तोंड म्हणजे खरं तर एक तबकडी आहे. आखूड, ताठ पिसांच्या कडेने आवाज गोळा होऊन आत कानांकडे वळतो. आपण हात कानामागे धरून ऐकतो ना, तसं हे तोंडभर धरलेलं असतं आणि तेही कायमचं. कान बाहेरून दिसत नाहीत, पिसांखाली झाकलेले असतात. डोक्यावर शिंगांसारखी पिसं असलेली घुबडं असतात, त्या शिंगांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. गव्हाणीला तर ती नसतातच.

खरी गंमत पुढे आहे. याचे दोन्ही कान एका पातळीत नसतात. डाव्या कानाचं भोक थोडं वर आणि खालच्या बाजूला रोखलेलं, उजव्याचं थोडं खाली आणि वरच्या बाजूला रोखलेलं. त्यामुळे खालून येणारा आवाज डाव्या कानाला किंचित मोठा लागतो आणि वरून येणारा उजव्याला. ही झाली उंचीची खबर. डावी-उजवी बाजू कळते ती वेळेवरून. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. घुबडाचं डोकं लहान असल्याने हा फरक सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास, तोही फार तर. समोरच्या बाजूला तो त्याहूनही कितीतरी लहान होतो, आणि तरीही ते एखाद-दोन अंशांच्या आत नेम धरतं. एका हिशेबाने बाजू, दुसऱ्याने उंची, आणि अंधारातला उंदीर एका ठिपक्यावर येतो. अमेरिकेत कॅल्टेक संस्थेत मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ साली दाखवलं की घुबडाच्या मेंदूत ऐकलेल्या जागांचा चक्क नकाशा असतो. अमुक पेशी अमुक दिशेच्या आवाजालाच उठतात.

पण माझ्या आवडीचा प्रयोग त्याआधीचा, रॉजर पेन यांचा. पुढे हेच पेन देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर ओळखले गेले. ऐन तरुणपणी त्यांनी एक पूर्ण बंद, उजेडाचा कणही न येणारी खोली घेतली, जमिनीवर वाळका पालापाचोळा पसरला आणि त्यात उंदीर सोडला. पाचोळा खसखसला की घुबड झेपावायचं आणि उंदीर धरायचं. मग उंदराऐवजी दोऱ्याने ओढला कागदाचा बोळा. घुबडाने तोही नेमका उचलला. म्हणजे वास नाही, अंगाची ऊब नाही, फक्त आवाज. एका कानात कापूस घातला की नेम चुकायचा. अंधारातल्या त्या झेपेचं डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्रण झालं, तेव्हा दिसलं की घुबड उडत येताना तोंड भक्ष्याच्या रेषेत धरून येतं आणि अगदी शेवटच्या क्षणी डोकं मागे घेऊन तोंडाच्या जागी पाय आणतं. कान जिथे होते तिथे आता नखं.

याचाच उलट अर्थ असा की पाऊस हा घुबडाचा वैरी. संततधार लागली की पाचोळ्याची खसखस त्या आवाजात बुडून जाते. शिवाय पिसं एवढी मऊ की बदकासारखं पाणी निथळत नाही, भिजून जड होतात. घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा घुबड उपाशी बसून असतं. पावसाळ्यात दिवसाढवळ्या बांधावर फिरणारं गव्हाणी घुबड कुणी पाहिलं आणि मला फोन आला, तर मी पहिलं विचारतो, 'काल रात्री पाऊस किती होता?'

पंखांचंही सांगायला हवं, कारण कान कितीही तिखट असले तरी स्वतःच्या पंखांचा फडफडाट मध्ये आला तर उपयोग शून्य. कबुतर उडतं तेव्हा फटफट ऐकू येते. घुबडाच्या पंखाच्या सर्वांत बाहेरच्या पिसाची पुढची कड फणीसारखी दातेरी असते, पिसाचा पृष्ठभाग मखमलीसारखा आणि मागची कड झालरीसारखी विसविशीत. हवा त्यावरून मोठ्या लोटांनी न सुटता बारीक-बारीक होऊन जाते, म्हणून सळसळ होत नाही. त्यात अंगाच्या मानाने पंख मोठे, त्यामुळे ते सावकाश तरंगत जातं. म्हणजे उंदराला चाहूल लागत नाही आणि घुबडाला उंदराची चाहूल मोडत नाही. याची खात्री पटवणारा अपवाद आपल्या सह्याद्रीतच आहे: मत्स्यघुबड. ओढ्याकाठच्या झाडावर बसून ते मासे, खेकडे, बेडूक पकडतं. पाण्यातल्या माशाला हवेतला आवाज कसला ऐकू येणार? म्हणून याच्या पिसांना ती झालर नाही, पंखांचा आवाज होतो. पायांवर पिसं नाहीत, उघडेच, आणि तळव्यांना काट्यासारखे खरबरीत खवले, निसटता मासा धरून ठेवायला. ज्याला जे लागत नाही ते त्याच्याकडे नाही.

डोळे. दिवसा आंधळं ही समजूत एकदम चूक. आपल्या भाषेत घुबडाला दिवाभीत असा शब्द आहे आणि लपून राहणाऱ्या माणसालाही आपण तोच लावतो. शब्द छान आहे, पण घुबड दिवसाला भीत नाही, कावळ्यांना भितं. दिवसा बाहेर दिसलं की कावळे, कोतवाल, साळुंक्या गोळा होऊन त्याला टोचून हैराण करतात. अर्थात त्यांचंही बरोबर आहे, रात्री घुबड त्यांची पिल्लं उचलतं. उजेडात घुबडाला व्यवस्थित दिसतं, बाहुली आक्रसून घेतात एवढंच. अंधुक उजेडात ते आपल्याहून फार चांगलं पाहतं, पण ठार काळोखात डोळे त्याचेही निकामीच. आणि एक उणीव आहे: अगदी जवळचं दिसत नाही. चोचीपाशी आणलेला उंदीर ते चोचीभोवतीच्या केसांसारख्या पिसांनी चाचपडून खातं. पिल्लाला भरवताना डोळे मिटून घेतलेली मादी मी पाहिली आहे. बघणाऱ्याला माया दिसते, मला त्यात चष्म्याचा नंबर दिसतो.

मान पूर्ण गोल फिरते, असंही तुम्ही ऐकलं असेल. पूर्ण नाही, पण एका बाजूला साधारण २७० अंश, म्हणजे पाऊण फेरा. कारण डोळा गोळ्यासारखा नसून नळीसारखा असतो, भोवती हाडाचं कडं, त्यामुळे तो खोबणीत फिरत नाही. तुम्ही डोळे वळवता, त्याला डोकं वळवावं लागतं. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. एवढं पिळूनही मेंदूचा रक्तपुरवठा तुटत नाही, कारण मणक्यांमधली रक्तवाहिनी जाते ती भोकं वाहिनीपेक्षा कितीतरी रुंद असतात आणि वाहिनीला हलायला जागा राहते.

आता मी ज्यात वर्षं घातली ते सांगतो, आणि तुमच्या भावाच्या मुद्द्यालाही त्यातच उत्तर आहे. पिल्लं उडून गेल्यावर त्या माळ्याच्या जमिनीवर तुम्हाला अंगठ्याएवढे काळे, चकचकीत गोळे मिळतील. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळतं. मांस पचतं. केस, हाडं, दात यांचा पोटात गोळा होतो आणि तो ते तोंडाने बाहेर टाकतं, दिवसाला एक-दोन. आम्ही अभ्यासक त्याला पेलेटच म्हणतो, मराठीत अजून कुणी सोपा शब्द रुळवला नाही. घार-ससाण्याच्या पोटातलं आम्ल जास्त जहाल, त्यात हाडं बरीच विरघळतात. घुबडाच्या पोटात ती जवळजवळ शाबूत राहतात. म्हणून एका पेलेटमध्ये त्या रात्रीचं जेवण पुराव्यासकट असतं.

पेलेट गरम पाण्यात भिजवून चिमट्याने अलगद फोडतो. कवट्या वेगळ्या करतो. उंदीर-घुशीच्या पुढच्या दातांना पिवळसर नारिंगी चकाकी असते आणि त्यांच्या मागे हिरडीत मोठी मोकळी जागा. चिचुंद्रीची कवटी लांब, निमुळती, दात टोकदार, पांढरे, एकाला एक लागून. पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन्ही सारखी वाटतात, पाच-दहा पेलेट झाले की अंधारातसुद्धा बोटाला कळतात. गावांजवळच्या पेलेटमध्ये चिचुंद्री किती निघते पाहून लोकांना नवल वाटतं. मांजर चिचुंद्री मारतं पण वासामुळे खात नाही. घुबडाला त्याचं काही नाही. शेतालगतच्या घरट्यांत घुशीची अर्धवट वाढलेली पिल्लं, मऊ केसांचे शेतउंदीर, छोटे उंदीर. पूर्ण वाढलेली घूस हे गव्हाणी घुबडाच्या आवाक्याबाहेरचं काम, ती शृंगी घुबडाने उचलावी. अधूनमधून पालीचा जबडा, एखाद्या चिमणीची कवटी, भुंगेऱ्यांचे पंख. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या सहज असतात. आता चार पिल्लं आणि दोन मोठी, महिना-दोन महिने. गुणाकार तुम्हीच करा.

मात्र भावाला एवढं सांगा, घुबड आलं म्हणजे उंदीर संपले असं होत नाही. ज्या शेतात उंदीर पार संपले तिथे घुबड राहीलच कशाला? ते उंदरांची संख्या वाढू देत नाही, त्यातही सर्वांत जास्त पिल्लांच्या काळात. मलेशियात ऑइल पामच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांत घुबडांसाठी पेट्या बसवून अनेक वर्षं हेच काम करून घेतात. इस्रायलमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेती करणाऱ्या वसाहतीत, १९८३ पासून. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात याला मोठा वाव आहे. हरभऱ्यात घाटे अळीसाठी जे पक्षीथांबे लावतात, तसे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे दोन-चार थांबे उसाच्या कडेने आणि बांधावर ठोकले तरी रात्री घुबड आणि पिंगळे त्यावर येऊन बसतात. आणि एक पथ्य: घुबड घरात असताना उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकू नका. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त पातळ करणारी औषधं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला सर्वांत सोपा सापडतो तोच. विष त्याच्या यकृतात साठत जातं. सकाळी चोचीतून रक्त आलेलं घुबड घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, घरात काय टाकलंय.

माळ्यावरच्या चौघांच्या निमित्ताने बाकीच्या घुबडांचं थोडं. तुमच्या अंगणातल्या लिंबावर किंवा विहिरीजवळच्या चिंचेवर पिंगळा असेलच. मुठीएवढा, पांढरे ठिपके, पिवळे डोळे. संध्याकाळी ढोलीतून डोकं काढून कर्कश भांडणं सुरू. पाहणाऱ्याकडे डोकं खाली-वर करून टकमक बघतो, अंतर मोजतो म्हणा ना. रस्त्यावरच्या दिव्याखाली भुंगेरे आणि पतंग उडत्या उडत्या टिपतो. पहिल्या वळवानंतर उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे लिंबा-बाभळीवर जमतात, त्यांवर पिंगळ्यांची चंगळ असते. ऊसवाल्यांनी निदान एवढ्यासाठी तरी त्याला जीव लावावा. पहाटे कुडमुडं वाजवत भविष्य सांगायला येणाऱ्या पिंगळ्याला हे नाव याच पक्ष्यावरून मिळालं, त्याला पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. शृंगी घुबड मोठं, कोंबड्याएवढं, ओढ्याच्या कडे-कपारीत जमिनीवरच अंडी घालतं. खाणी आणि मुरूम काढणारी यंत्रं त्याच्या मुळावर आली आहेत.

आणि दिवसा आंधळं म्हणणाऱ्यांसाठी रानपिंगळा. हा सातपुड्यातला, सागाच्या विरळ रानातला, भर दिवसा सरडे पकडणारा. १८७३ साली ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. मध्ये एका इंग्रज कर्नलने, रिचर्ड माइनर्ट्झहागेन त्यांचं नाव, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना संग्रहालयात दिला, आणि लोक कित्येक वर्षं चुकीच्या जागी शोधत राहिले. तो नमुना निघाला संग्रहालयातूनच चोरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांनी जुने खरे नमुने जिथून मिळाले होते तिथेच पक्षी शोधायचं ठरवलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो त्यांना जिवंत दिसला, तेही सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर. ११३ वर्षांनी. आज मेळघाटात, यावलला, अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याच्या नोंदी आहेत.

आता तुमच्या आईंचं. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. माझी आजी सांगायची, घुबडाला दगड मारला तर ते तो चोचीत नेतं आणि पाण्यात घासत बसतं, दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. मला ही गोष्ट आवडते. कुणी का सांगितली असेना, तिने बऱ्याच घुबडांचे प्राण वाचवले असतील. बंगालात घुबड लक्ष्मीचं वाहन. आपल्याकडे अशुभ. पक्षी एकच. पण दिवाळीच्या आधी हाच पक्षी लक्ष्मीच्याच नावाने अघोरी पूजेसाठी विकला जातो, बळी दिला जातो. माळ्यावर घुबड आहे ही बातमी गावभर होऊ देऊ नका, असं मी म्हणतो ते यासाठी. कुणी 'काढून देतो, उलट पैसे देतो' म्हणत आला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. आईंना दाखवायचंच असेल तर एखाद्या रात्री दिवे घालवून अंगणात खुर्ची टाकून बसवा. बाप उंदीर घेऊन झरोक्यातून आत शिरेल आणि घोरणं अचानक थांबेल. पुष्कळ आयांची मतं मी अशी बदललेली पाहिली आहेत. काहींची नाहीत, तेही सांगतो.

पिल्लू खाली पडलं तर काय? इथे माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात पडलेलं एक गव्हाणीचं पिल्लू मी उत्साहाने घरी आणलं, कोंबडीच्या मांसाचे नुसते मऊ तुकडे भरवले. गुबगुबीत झालं आणि पाय वाकडे झाले. हाडांशिवाय नुसत्या मांसात चुना नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शिवाय ते माणसालाच आई समजू लागलं, ते कधीच सोडता आलं नाही. म्हणून सांगतो: दूध नाही, पोळी नाही, चोचीत पाणी ओतणं तर मुळीच नाही. जखम नसेल तर जुन्या टॉवेलात धरून त्याच माळ्यावर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे घुबडांच्या बाबतीत खरं नाही. धरताना नखांपासून जपा, चोचीपेक्षा ती वाईट. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि १९२६ लावा.

राहिला माळा. पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून आठ-नऊ आठवड्यांत उडू लागतात, त्यानंतरही काही आठवडे रोज पहाटे माळ्यावरच परततात. महिन्याभरापासून घोरणं ऐकू येतंय म्हणजे अर्धी वाट सरली आहे. तोवर खालच्या खोलीत घाण पडत असेल तर तुळयांखाली ताडपत्री बांधा, तीही खालूनच. ती गेल्यावर साफसफाई करताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला कापड बांधा, वाळलेली धूळ नाकात जाऊ देऊ नका. पेलेट टाकू नका, पिशवीत भरून गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या गुरुजींना द्या.

माळा पुन्हा नकोच असेल तर झरोका बंद करायला माझी हरकत नाही, घर तुमचं आहे. फक्त त्याआधी परसातल्या उंच झाडावर किंवा गोठ्याच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी पेटी बसवा: लांबी दोन फूट, रुंदी-उंची दीड ते दोन फूट, तोंडाचं भोक अर्धा फूट, आणि ते भोक तळापासून फूट-दीड फूट तरी वर, नाहीतर पिल्लं डोकावता डोकावता खाली पडतील. आत रंग नको, तळाला थोडा भुसा. घुबडं लगेच येतील असं नाही, एखादं वर्ष रिकामी राहिली तरी काढू नका.

आणि झरोका बुजवायच्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अंगणात बसा आणि बाहेर पडणारी घुबडं मोजा. तेवढ्यावर विसंबू नका, सगळ्यांत धाकटं कधी कधी दोन आठवडे उशिरा उडतं. अंधार पडल्यावर तासभर माळ्याकडे कान लावा. घोरणं ऐकू आलं तर त्या दिवशी गवंड्याला परत पाठवा.